स्टोअरमधल्या ताईंचे पासवर्ड

माझं काम लोकांचे पासवर्ड काढायचं आहे. हे वाक्य एखाद्या लग्नाच्या पंगतीत बोलून बघा, शेजारची बाई आपली पर्स मांडीवर ओढून घेते. म्हणून मी 'सिक्युरिटीत आहे' एवढंच सांगते आणि लोक माझ्या पाच फूट उंचीकडे बघून पुढचं विचारत नाहीत. आई वाकोल्यात शेजारणींना मालवणीत सांगते, "माझा चेडू कंप्युटरातले चोर पकडता." तिला मी दोनदा समजावलं की आई, चोर मीच असते, मी आधी आत शिरते आणि मग कंपनीला सांगते की खरा चोर कुठून येईल. ती म्हणाली, "ह्या कोणाक सांगा नको."

कंपन्या आम्हाला लेखी परवानगी देऊन बोलावतात, त्यामुळे सगळं कायद्यात बसतं. पण कामाचं स्वरूप थोडं सांगायलाच हवं. तुम्ही कुठलीही साईट उघडून पासवर्ड टाकलात की वर कोपऱ्यात एक छोटी चौकट येते आणि विचारते, ठेवून देऊ का? जवळजवळ सगळे 'हो' म्हणतात. मीही म्हणायचे. ते पासवर्ड उघड्यावर पडलेले नसतात, कंप्युटर ते कुलपात ठेवतो. पण कुलूप उघडतं कुणासाठी, तर तुमच्या नावाने त्या कंप्युटरवर जो बसलाय त्याच्यासाठी. कपाटाला कुलूप लावायचं आणि किल्ली कपाटाच्याच बाजूला खिळ्याला अडकवायची, तसला प्रकार. मी तुमच्या नावाने आत शिरले की कंप्युटरला वाटतं मालकच मागतोय, आणि तो बिनबोभाट यादी पुढे करतो. साईट, नाव, पासवर्ड, असे तीन रकाने.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मला त्या यादीची नशा होती. पासवर्डात बहुतेक वेळा माणसाचं कुणीतरी लाडकं असतं. मुलीचं नाव, गावच्या देवाचं नाव, आणि मागे एक-दोन-तीन. एक फार कडक साहेब होते, सगळं ऑफिस त्यांना टरकून असायचं. त्यांचा पासवर्ड त्यांच्या कुत्र्याच्या लाडाच्या नावावर होता. त्यानंतर ते ओरडले की मला हसूच यायचं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात मी गेले तेव्हा मला या कामाची सहा वर्षं झाली होती आणि डोक्यात भरपूर हवा होती. पंपांचे सुटे भाग बनायचे तिथे. खाली लेथ मशीनची शेड, वर ऑफिस, मधे लोखंडी जिना. परदेशी गिऱ्हाईकाने अट घातली होती की तुमची कंप्युटरची व्यवस्था तपासून घ्या, म्हणून शेठनी आम्हाला तीन दिवसांसाठी बोलावलं. आम्ही म्हणजे मी आणि माझा सिनियर. आम्ही खरे कोण हे फक्त शेठना आणि फॅक्टरी मॅनेजरना माहीत. बाकीच्यांना सांगितलं होतं की सर्व्हर बघायला माणसं आलीत. सिनियर शेठच्या केबिनबाहेर बसला, आणि जागा नाही म्हणून मला टेबल मिळालं स्टोअरमध्ये.

स्टोअर ताईंच्या ताब्यात होतं. कारखान्यातले सगळे त्यांना ताईच म्हणत, त्यांच्याच वयाचे फिटरसुद्धा. वय सत्तावन्न, घट्ट अंबाडा, चष्म्याला दोरी. नट-बोल्ट, वॉशर, ग्रीसचे डबे चिठ्ठी घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. अकरा महिन्यांनी रिटायर होणार, हे त्यांनी मला पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, आणि इतक्या वर्षांत एक मेमो नाही, हे पुढच्या पाचात. दुपारी मी सॅण्डविच काढलं तर त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं.

"हे जेवण आहे का गं? हे घे." आणि माझ्यासमोर अर्धी भाकरी आणि त्यावर ठेचा आला. त्या जालन्याकडच्या. तो ठेचा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्या खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत शिरले. तिथल्या आयटीवाल्याने सगळ्या मशीनना एकच मास्टर पासवर्ड ठेवला होता आणि तो विसरायला नको म्हणून एका जुन्या फाईलमध्ये लिहूनही ठेवला होता. तो हाती लागल्यावर दारं उघडायचं फक्त बाकी राहतं. मी एकेक मशीन घेत गेले. शेठच्या मशीनवर सहा पासवर्ड सापडले, मॅनेजरच्या मशीनवर नऊ. मग स्टोअरचं मशीन उघडलं, म्हणजे माझ्यापासून चार फुटांवर ताई ज्याच्यावर टाईप करत होत्या तेच. यादी संपेचना. त्रेसष्ट पासवर्ड. मी सिनियरला मेसेज केला, 'लॉटरी लागली रे.' त्याचं उत्तर आलं, 'झकास!'

मग मी नावं वाचली. त्रेसष्टमधली ताईंची स्वतःची चार होती. बाकी सगळी दुसऱ्यांची, बहुतेक पुरुषांची. रेल्वेच्या तिकिटांच्या साईटवरच चौदा जणांची खाती. पीएफ, मुलांच्या शाळेचे प्रवेश, स्कॉलरशिपा, हॉस्पिटलचे नंबर, पासपोर्ट. माझ्या मनात पहिलं काय आलं ते इथे लिहायलाच हवं, नाहीतर या सगळ्याला अर्थ नाही. मला वाटलं, ही बाई चोर आहे. आदल्या दिवशीच्या ठेच्याची आग पोटात अजून होती आणि मी तिच्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागले.

खरं काय ते दुपारच्या सुट्टीत कळलं. ताईंनी डबा उघडला आणि दारात माणसं येऊन उभी राहिली. पहिला आला तो डिस्पॅचमधला, खोकी भरून टेम्पोत चढवणारा, चाळिशीचा माणूस. "ताई, पोरीच्या स्कॉलरशिपचं काय झालं जरा बघा ना." ताईंनी हात पुसला, दोनदा माऊस टिचकवला, आणि त्याचं खातं उघडलं. कंप्युटरने नाव-पासवर्ड आपसूक भरला होता. साईटने फोनवर नंबर पाठवला. पण फोन त्याच्याकडे नव्हता, कारण शेडमध्ये कुणालाच फोन जवळ ठेवू देत नसत, ते सगळे खाली सुपरवायझरच्या टेबलावर असत. खालून कुणीतरी त्याचा फोन उचलला आणि जिन्यातून बोंब मारली, "ताई, नंबर आला! चार, सात, सात, शून्य..." कुणीतरी लेथ चालूच ठेवला होता, म्हणून त्याने परत, जास्त जोरात सांगितला.

ओटीपी कुणालाही सांगू नका, हे मी लोकांना शिकवून पोट भरते. इथे तो अख्ख्या शेडला ऐकू जात होता आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला ठसका लागला. ताई म्हणाल्या, "पाणी पी, सावकाश जेव."

मग त्यांनीच सांगितलं. या माणसांना फॉर्म भरता येत नाहीत, सायबर कॅफेवाला तासभर बसवून ठेवतो, पोरं ऐकत नाहीत. पासवर्ड बनवून द्यायचा तर हे विसरतात, चिठ्ठीवर लिहून दिला तर चिठ्ठी पॅन्टबरोबर धुतली जाते. म्हणून कंप्युटरने 'ठेवू का' विचारलं की त्या 'ठेव बाबा' म्हणतात. गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग उघडतं त्या दिवशी त्या पहाटेच घरून निघून आठच्या आत टेबलावर हजर असतात. "मी कोकण बघितलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "पण निम्म्या शेडला गावी मीच पोचवते."

मी खूप हसले. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या दुपारी मला सगळं कळलेलं होतं. ती यादी काय आहे, कशी जमली, कुणाची आहे, सगळं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय, कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलेलं नाही.

आमच्यात शेवटच्या दिवशी मालकांसमोर एक मीटिंग असते. तिथे एक तरी चित्र असं दाखवायचं असतं की मालक खुर्चीत सरळ बसेल. त्याला आम्ही पुरावा म्हणतो. पुरावा दाखवताना पासवर्डचा रकाना काळा करायचा, हे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडलेलं. पासवर्ड काळा केला की काम झालं. बाकीचं तसंच ठेवायचं, नाहीतर चित्रात बघायला उरणार काय? मी ताईंची यादी घेतली, त्रेसष्ट पासवर्ड एकेक करून काळे केले, मशीनचं नावही झाकलं. साईट आणि माणसांची नावं राहू दिली. शेठच्या सहा पासवर्डांनी कोण हादरणार? मला लांबलचक यादी हवी होती. सरळ सांगायचं तर मला वाहवा हवी होती.

तिसऱ्या दिवशी भिंतीवर ती यादी आली. शेठ खरंच सरळ बसले. मॅनेजर उठले, चष्मा वर करून भिंतीजवळ गेले आणि एकेक नाव बोटाने वाचायला लागले. चौथ्या-पाचव्या नावाला ते वळले.

"शेठ, ही तर आपली माणसं आहेत."

"कुणाच्या मशीनवर?" शेठनी मला विचारलं.

"ते आम्ही सांगत नाही," मी म्हणाले. फार तत्त्वाची असल्यासारखी.

"सांगायची गरजच नाही," मॅनेजर म्हणाले. "ही सगळी दुपारी कुठे जाऊन उभी राहतात ते मला माहितीये."

 शेठ वाईट माणूस नव्हते, पण घाबरलेला माणूस कसा वागेल याचा नेम नसतो. "माझ्या कंपनीत एक बाई सगळ्यांचे पासवर्ड जमा करून बसलीय? उद्या कुणाचं काय झालं तर पोलीस कुणाकडे येणार? माझ्याकडे ना?" मी म्हणाले की ताई लोकांचे फॉर्म भरून देतात, मी स्वतः बघितलंय. माझा आवाज इतका बारीक आला की मॅनेजरनी "काय?" विचारलं, आणि मी परत सांगेपर्यंत ताईंना बोलावणं गेलं होतं.

त्या आल्या, पदराला हात पुसत. खुर्ची कुणी दिली नाही. मीही दिली नाही. त्यांनी चष्मा लावला आणि भिंतीवरची यादी वरून खालपर्यंत वाचली, चिठ्ठीवरचा माल तपासावा तशी. मग माझ्याकडे बघितलं. सर्व्हर बघायला आलेली मुलगी कोण होती ते त्यांना तेव्हा समजलं.

"मी मागितले नाहीत, शेठ," त्या म्हणाल्या. "ते देतात."

"का देतात?"

"त्यांना जमत नाही म्हणून."

"कंपनीच्या मशीनवर?" मॅनेजरनी विचारलं.

"दुपारच्या सुट्टीत."

शेठनी कपाळ चोळलं. चौकशी करावी लागेल म्हणाले, तोवर कामावर येऊ नका म्हणाले. चौकशी म्हणजे काय ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. ज्या बाईवर असा आळ आला तिला कोण ठेवेल, आणि सत्तावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेईल? ताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"अकरा महिने राहिलेत, शेठ," त्या म्हणाल्या.

"करावी तर लागेल ना, ताई," शेठ म्हणाले. तेही त्यांना ताईच म्हणायचे.

स्टोअरमध्ये येऊन त्यांनी डबा, चष्म्याची डबी आणि खुर्चीवरची उशी पिशवीत घातली. स्टोअरच्या चाव्या मॅनेजरच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "चाव्या मिळाल्या असं लिहून द्या." ते लिहून होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मी "ताई" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तुझं काम झालं ना? मग झालं," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

आमचं ऑफिस अंधेरीलाच, रिक्षाने अर्धा तास. रिक्षात बसल्या बसल्या मी सिनियरला म्हणाले, "काय केलं रे आपण हे?"

"काय केलं? भोक सापडलं, दाखवलं. पैसे त्याचेच मिळतात ना आपल्याला?"

"नावं दाखवली आपण."

"पासवर्ड तर काळे केलेस ना यार."

मी फोनवर आमचा करार उघडला. आम्ही सगळे त्यावर सही करतो आणि कुणीही तो वाचत नाही. त्यात साफ लिहिलं होतं, कंपनीच्या कामाशी संबंध नसलेली कुणाचीही खासगी माहिती तपासणीत दिसली तर ती दाखवायची नाही, ठेवायची नाही, पुढे द्यायची नाही. एखादा माणूस कुठल्या हॉस्पिटलात नंबर लावतो, त्याची मुलगी कुठली स्कॉलरशिप मागते, हे मी भिंतीवर त्याच्या मालकाला दाखवलं होतं. आणि हे मी पहिल्यांदा केलेलं नव्हतं. सहा वर्षं प्रत्येक रिपोर्टात हेच करत आले होते, आमच्याकडचे सगळेच करत होते. गुपित म्हणजे फक्त पासवर्ड, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

"मी हे रिपोर्टात लिहिणार," मी म्हणाले.

"वेडी झालीस का? आपलीच चूक आपण लिहून द्यायची? क्लायंट जाईल, तू जाशील, तुझ्या मागोमाग मी. वाट लागेल पुरती."

माझं डोकं फिरलं. "त्या बाईची नोकरी चाललीय माझ्या चित्रामुळे! तिचं जेवलेय मी, समजलं? दोन दिवस जेवलेय!" रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.  पुढच्या सिग्नलला सिनियर म्हणाला, "लिही. माझं नाव घालू नको." तेव्हा मी त्याला मनात भित्रा म्हटलं. पण संध्याकाळी त्यानेच माझा मसुदा वाचला आणि जिथे मी शब्द चघळले होते तिथली दोन वाक्यं खोडून रोखठोक लिहून दिली.

रिपोर्टात पहिला दोष मी माझाच लिहिला. तपासणी करणाऱ्या व्यक्तीने कामगारांची खासगी माहिती कराराविरुद्ध उघड केली. ती यादी नष्ट केली आहे. ती कोणत्याही चौकशीत वापरता येणार नाही, आणि वापरली तर करार मोडण्यात कंपनीही सामील होईल. त्याखाली, मी डोळ्यांनी बघितलं तेही लिहिलं, की ते पासवर्ड त्या माणसांनी स्वखुशीने, स्वतःच्या कामासाठी दिले होते. आणि खरा धोका म्हणजे सगळ्या मशीनना असलेला एकच मास्टर पासवर्ड, तो दुसऱ्या नंबरवर.

त्याचे परिणाम व्हायचे ते झाले. आमच्या मोठ्या साहेबांनी मला तासभर झाडलं आणि तीन महिने बाहेरची कामं बंद केली. मी ऑफिसात बसून दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचायचे आणि नावं काळी करायचे. त्यात मला काही अन्याय वाटला नाही.

पाचव्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. "मॅटर संपलं, मॅडम. शेठनी ताईंना परत घेतलं." फक्त एका कागदावर सही घेतली होती. यापुढे कुणाच्याही नावाने आत जाणार नाही, कुणाचाही पासवर्ड ठेवणार नाही, विचारणार नाही, सांगणार नाही. मोडलं तर त्या दिवशी नोकरी संपली. ताईंनी वाचून सही केली, असं मॅनेजर म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात सगळ्यांना वडापाव खाऊ घातले. ताई वाचल्या, आणि मी वाचवलं, असं मला मनापासून वाटलं.

तपासणीनंतर तीन महिन्यांनी परत जाऊन बघायचं असतं की सांगितलेलं दुरुस्त झालं का. ते काम मी मागून घेतलं. या वेळी लपवाछपवी नव्हती, सगळ्यांना माहीत होतं मी कोण ते. आयटीवाल्याने प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड घातला होता. शेठच्या मशीनवर काही नव्हतं. स्टोअरचं मशीन मी शेवटी ठेवलं होतं. यादी उघडली तर कोरी. माझ्याकडच्या फॉर्मवर प्रत्येक मशीनपुढे 'दोष दूर झाला' असं लिहून, ते मशीन वापरणाऱ्याची सही घ्यायची असते. मी लिहिलं आणि ताईंकडे बघितलं. दुपारची सुट्टी झाली होती, त्या डबा उघडत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मी बसले. भाकरी त्यांनी मोडली, खाल्ली, दोन घास झाले, चार झाले. दारात कुणी आलं नाही. खालून लेथचा आवाज येत होता तेवढाच.

"आता कुणी येत नाही का?" मी विचारलं.

"एकजण आला होता. तो डिस्पॅचवाला." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "पोरीला हॉस्टेल पाहिजे होतं. फॉर्मचा शेवटचा दिवस. खाली फोनवर स्वतःच भरत बसला होता बिचारा. दोनदा पासवर्ड चुकला. तिसऱ्यांदा चुकला की खातं बंद होतं. मग वर आला आणि इथं उभा राहिला. म्हणाला, ताई, एकच डाव उरलाय, काय होता हो आपला?"

"तुम्हाला आठवत होता?"

"मीच बनवून दिलेला. पोरीचं नाव आणि तिचं जन्मसाल. विसरीन कशी?"

"मग?"

"आठवत नाही म्हणाले."

 त्या टेबलावरचे कण बोटाने गोळा करत होत्या.

"वर त्याला म्हटलं, सही केलीय बाबा, आता मी त्यात नाही. सही खरी आहे. पण आठवत नाही म्हणाले ते खोटं होतं. मॅनेजर जिन्यात उभे होते आणि मी घाबरले. थोडे महिने राहिलेत, ते पार पडू देत, एवढंच होतं डोक्यात. तो रागावला नाही गं. 'राहू द्या ताई, तुम्ही जेवा' म्हणाला. खाली गेला, चुकला, बंद झालं. पोरीचं यंदाचं हॉस्टेल गेलं."

मी म्हणाले की चूक तुमची नाही, माझी आहे. त्यांनी हाताने मला थांबवलं.

"माझ्या बापाला सही यायची नाही. अर्ज लिहून घ्यायचा तर गावात एकच घर होतं. त्या दाराशी बाप उन्हात उभा राहायचा आणि मी त्याचं बोट धरून. आतून निरोप यायचा, घरात नाहीत. मी लहान, मला खिडकीतून दिसायचं. तो माणूस आत जेवत असायचा." त्यांनी डबा बाजूला सरकवला. "मी बापाला कधी सांगितलं नाही. पण तेव्हाच ठरवलं होतं, आपल्याला लिहिता आलं की कुणाला असं उभं करायचं नाही. करून दाखवलं मी. इतकी वर्षं करून दाखवलं." डब्याकडे बघत त्या म्हणाल्या, "आणि त्या दिवशी तो इथं उभा होता, आणि मी जेवत होते."

मला रडू आलं. ते मी दाबलं नाही. ताईंनी मला गप्प केलं नाही की जवळही घेतलं नाही. माझं होईपर्यंत थांबल्या, मग म्हणाल्या, "तुझ्यामुळं नोकरी राहिली, हे मी विसरले नाही. आण तुझा कागद."

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून वाचला आणि 'दोष दूर झाला' या शब्दांखाली बोट ठेवलं.

"म्हणजे आता इथून कुणाला काही मिळणार नाही?"

"नाही, ताई. कुणालाच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि सही केली.